सोडलं म्हणजे नेमकं काय

१४ ऑक्टोबर, मंगळवार

अबँडन — म्हणून गेले मी. 'ही अबँडन्ड हिम.' मॅजिस्ट्रेट म्सुक्वासाहेबांनी लिहून घेतलं. हातानंच लिहितात ते, जाड वहीत, निळ्या शाईनं. शब्द कागदावर पडला आणि पुढचा प्रश्न आला.

दुपारचे अडीच. कोर्टाचं पत्र्याचं छप्पर तापून कडकड वाजत होतं. खिडकीतून तळं दिसतं. आज नुसता पांढरा उजेड होता, पाणी कुठं संपतं आणि आभाळ कुठं लागतं कळतच नव्हतं. लांबवर चिलटांचे ढग पाण्यातून उठलेले, कुणी चूल पेटवल्यासारखे. मला अशा वेळी झोप येते. उभ्या उभ्या! तोंड बोलत असतं, मी कुठंतरी दुसरीकडेच.

आरोपी लायसन मातेवेरे. लुंबे धक्क्यावरचा होडीवाला. जुलैत दक्षिणेच्या वाऱ्यानं त्याची होडी उलटली. दोन बायका आणि एक लहान मुलगी उलट्या होडीच्या पाठीवर चढल्या, वाचल्या. लायसन वाचला. त्याचा भागीदार योकोनिया बुडाला. बावीस वर्षं दोघं एका होडीत होते. आता खटला — निष्काळजीपणानं माणूस मेला म्हणून. वकील नाही. इथं कुणाला असतो?

सरकारी बाजूच्या फौजदारानं विचारलं, "योकोनिया तुझ्या हाताशी होता?"

"होता."

"मग पुढं काय झालं?"

किती वेळ गप्प होता तो! माझ्या मानेवरून घामाचा एक थेंब पाठीपर्यंत पोचला, तेवढा वेळ. मग म्हणाला, "मग मी सोडलं त्याला."

सोडलं. आमच्या चेवा भाषेत एकच शब्द. काम सोडतात, दारू सोडतात, गाव सोडतात, बायको सोडतात. धरलेला हात सोडतात. माणूस मेला तरी 'आम्हांला सोडून गेला' म्हणतात. इंग्रजीत दर ठिकाणी वेगळं क्रियापद. दुभाष्यानं उभ्या उभ्या निवडायचं.

निवडलं कसलं! तोंडाला आलं ते.


१५ ऑक्टोबर

बकरीचा खटला. साक्षीदार बाई म्हणाली, "शेजाऱ्याच्या घरातून मटणाचा वास ऐकला मी." आमच्यात वास ऐकूच येतो. दुखणंही ऐकू येतं, भूकही. इंग्रजीत नाक वेगळं, कान वेगळा. मी नाकाचं क्रियापद दिलं. कुणाचं काही बिघडलं नाही. बकरी तर केव्हाच खाऊन झाली होती.


१७ ऑक्टोबर, शुक्रवार

आज निकाल. तीन वर्षं सक्तमजुरी.

साहेब इंग्रजीत वाचत होते, मी पिंजऱ्याजवळ उभी राहून वाक्यावाक्याला चेवात सांगत होते. त्यात तो शब्द आला. अबँडन. एकदा, दोनदा. माझाच शब्द, आता साहेबांच्या आवाजात. चेवात त्याला परत कसं आणायचं? 'सोडलं' म्हणायला जीभ वळेना. इतका मोठा, इतका काळा शब्द — त्याला 'सोडलं' पुरत नाही. मी म्हणाले, "तू तुझ्या सोबत्याला टाकून दिलंस."

लायसननं मान वर केली. तीन दिवसांत पहिल्यांदा त्यानं माझ्याकडे नीट बघितलं.

"टाकून? नाही बाई. टाकलं नाही मी. सोडलं म्हणालो होतो."

मोठ्यानं नाही. चुकीच्या गल्लीत शिरलेल्याला वाट सांगावी तसं.

साहेब थांबले. "काय म्हणतोय?"

साहेब उत्तरेकडचे, तुंबुका बोलणारे. चेवा त्यांना बाजारापुरती येते. मासे, टोमॅटो, किती, कमी करा.

मी म्हणाले, "काही नाही, साहेब."

काही नाही!

साहेबांनी पुढं वाचलं. मी पुढं सांगितलं. शेवटपर्यंत आवाज हलला नाही माझा. अकरा वर्षं आवाज न हलवण्याचाच पगार घेते मी.


१८ ऑक्टोबर

दिवसभर पडून. मावशी विचारते, ताप आहे का. म्हटलं, आहे.

डोळे मिटले की तीच शांतता ऐकू येते — त्याच्या उत्तराआधीची. त्या शांततेचं भाषांतर मी केलंच नाही. करता येतं का? साहेबांच्या वहीत प्रश्नाखाली लगेच उत्तर आहे. मध्ये कोरी ओळसुद्धा नाही.

खोटं नको बोलायला, या पानावर तरी. शब्द चुकून आला नाही. तो मला आवडतो. शाळेत शिकवत होते तेव्हाही आवडायचा. मुलांना लीव्ह येत होतं, फळ्यावर मी अबँडन लिहायचे आणि वर्ग एकदम चूप व्हायचा. तीन वर्षांपूर्वी वरच्या कोर्टाचे एक पाहुणे आले होते. म्हणाले, 'या बाईंचं इंग्रजी काय आहे!' त्या दिवसापासून मी मोठे शब्द वापरते. माझ्या तोऱ्यापायी एक माणूस दगड फोडतोय.

संध्याकाळी पाण्यावर गेले भांडी घासायला. पाणी कोमट, हलत नव्हतं. राखेनं पातेलं घासता घासता त्यात बघितलं तर मीच. विचारलं, काय गं फालेसी, काही नाही? हसू आलं आणि मग रडू.


१९ ऑक्टोबर

चर्चमध्ये पाद्री काय बोलले, एक अक्षर आठवत नाही.


२१ ऑक्टोबर, मंगळवार

गेले साहेबांच्या खोलीत. ते आंबा कापत होते, कागद पसरून, जपून एकेक तुकडा.

"साहेब, एक चूक झालीय."

"कुणाची?"

"माझी."

सांगितलं. ऐकता ऐकता त्यांनी सुरी खाली ठेवली.

"तुम्ही 'लेफ्ट' म्हणाला असता तरी माणूस मेलेलाच होता ना, बाई?"

"होता. पण तुमच्या निकालात माझा तो शब्द चार वेळा आलाय, साहेब. मी मोजला. त्याच्यावरच सगळी इमारत उभी आहे. सोबत्याला अबँडन करणारा माणूस म्हणून तुम्ही त्याला तीन वर्षं दिलीत. हात सोडणारा म्हणून दिली असतीत?"

आंब्याचा रस कागदावर पसरत होता.

"त्या दिवशी तो काहीतरी बोलला. मी तुम्हांला विचारलं. तुम्ही काय म्हणालात?"

"काही नाही, म्हणाले."

"का?"

"लाज वाटली."

वाटलं, आता ओरडतील. नाही ओरडले. चष्मा काढून डोळे चोळले. "माझी चेवा चांगली असती तर तुम्हांला लाज वाटायची वेळच आली नसती," म्हणाले. मग एकदम साहेबी आवाजात, "निकाल दिला की माझे हात बांधलेले. वरच्या कोर्टाला लिहा. पण लिहिणार असाल तर सगळं लिहा. ते 'काही नाही'सुद्धा. अर्धं लिहून मला अडकवू नका. नोकरीचं काय होईल, ते मी सांगू शकत नाही."

दारापर्यंत आले तर मागून, "आंबा घेता का?"

घेतला. गोड होता. असल्या दिवशीही आंबा गोड लागतो, काय माणसं आहोत!


२५ ऑक्टोबर, शनिवार

तुरुंगात जाऊन आले. साबण, साखर, आणि मावशीनं डब्यात दिलेला न्सिमा, मक्याच्या पिठाचा घट्ट गोळा, आणि सुकी मासळी. पहारेकऱ्यानं डबा उघडून वास ऐकला — घेतला — आणि जाऊ दिलं.

लायसन भिंतीच्या सावलीत बसला होता. वाळलाय. मी म्हणाले, "दादा, माझ्याकडून शब्द चुकला. मी वर लिहिणार आहे."

"कशाला त्रास घेता, बाई?"

"तीन वर्षं आहेत ती!"

"मोजता येतात."

काय बोलायचं अशा माणसाशी! मी मनात तयारी करून गेले होते. रात्रभर शब्द मांडून बघितले होते, बाजारात टोमॅटोचे ढीग लावतात तसे. म्हटलं, "दादा, ऐका. इंग्रजीत एक क्रियापद आहे — लूज. हरवणं, गमावणं, हातून निसटणं, सगळं त्यात येतं. दोष कुणाचाच नाही त्यात. वारा होता, लाटा होत्या, हात ओला. हात सुटला. तुम्ही एवढंच म्हणा, हात सुटला. मी तसं लिहिते. सोडणं आणि सुटणं, एवढाच तर फरक."

त्यानं साबणाची वडी हातात घेतली होती. ती फिरवत राहिला.

"सुटला नाही, बाई."

"कसं कळणार कुणाला?"

"मला माहीत आहे ना. सुटला नाही."

"मग काय झालं तिथं? नीट सांगा तरी. पाण्यात. कुणी विचारलंच नाही नीट."

तळ्याकडे बघायला लागला. तुरुंगातून तळं दिसत नाही, तरी त्याच दिशेला. म्हणाला, "तुम्ही टाकलं म्हणालात तेवढं काढा. बाकी काही बदलू नका. योकोनियाला मी टाकीन? त्याच्या मुलीचं नाव मी ठेवलंय."

पहारेकऱ्यानं वेळ झाली म्हणून काठी वाजवली. लायसन उठला, मावशीला नमस्कार सांगा म्हणाला. डबा तिचा, एवढंच मी सांगितलं होतं; मावशीला तो ओळखतही नाही.

परतताना मिनीबसच्या काचेला डोकं टेकून बसले. बाहेर सगळं तरंगत होतं — बाओबाबची झाडं, सायकली, मक्याची पोती. लीव्ह, लूज, लेट गो. लीव्ह, लूज, लेट गो. चाकं तेच म्हणत होती. माझा थांबा निघून गेला.


२९ ऑक्टोबर, बुधवार

एस्नात आली घरी. योकोनियाची बायको. काळं फडकं डोक्याला, पायात एकच चप्पल. दुसरी येताना तुटली म्हणे, ती हातात.

मी बस म्हटलं. ती म्हणाली, "बसायला नाही आले. तुम्ही त्याला सोडवायला निघालात?"

बातमी कशी पोचते कोण जाणे! तुरुंगाचा पहारेकरी तिच्या गावचा असेल.

"सोडवायला नाही. माझा शब्द चुकला होता—"

"शब्द बरोबर होता तुमचा. मला सांगितलाय त्याचा अर्थ. टाकून दिलं. तसंच झालं."

"तो टाकलं म्हणाला नव्हता, एस्नात. सोडलं म्हणाला होता."

"बाई, बुडणाऱ्याला काय फरक पडतो हो?"

मी चटई पुढं सरकवली.

ती बोलतच होती. रडत नव्हती. "माझ्या घरी बावीस वर्षं जेवला तो. माझ्या हातचं. योकोनियाचा एक हात तुझ्या हातात होता ना, मग तुझा दुसरा हात कुठं होता, विचारा त्याला. होडीवर! लाकडावर! लाकूड धरलं आणि माणूस सोडला." मग एकदम आवाज खाली. "सकाळी उठते ना मी, तेव्हा पहिल्यांदा त्याचा राग येतो. लायसनचा. तो राग आला की मग उठून चूल पेटवता येते. तुम्ही तेवढाही नेणार?"

मावशी मधल्या दारात उभी होती. तिला कमी ऐकू येतं, पण एवढं ऐकू आलं. आतून स्वतःच्या चपला घेऊन आली आणि एस्नातच्या पायाशी ठेवल्या. एस्नातनं घातल्या नाहीत. एक पाय अनवाणी घेऊन तापल्या वाळूतून गेली.


३० ऑक्टोबर

लिहू का नको.


२ नोव्हेंबर, रविवार

लिहिलं. सकाळपासून दुपारपर्यंत, दार लावून.

आधी तीन कागद फाडले. पहिल्यात लेफ्ट लिहिलं. हे फार उघडं वाटलं — बाजारातून निघावं तसं निघून गेला? दुसऱ्यात लेट गो. ह्यात हात आहे, बोटं आहेत, हे जवळचं. पण मी तिथं होते का? मला काय माहीत, हात होता का खांदा होता का सदरा? तिसऱ्यात लूज घातलं आणि लगेच खोडलं. त्यानं नको म्हटलंय. त्याला वाचवायला त्याच्या तोंडात शब्द घालणं आणि त्याला बुडवायला घालणं, शेवटी सारखंच. दोन्ही वेळा तोंड त्याचं आणि शब्द माझा.

मग एक गोष्ट कळली. दुरुस्त शब्द देणं माझं कामच नाही. चौथ्या कागदावर त्याचं चेवातलं वाक्य लिहिलं, जसंच्या तसं. खाली लिहिलं की या क्रियापदाचे इंग्रजीत इतके अर्थ होतात. त्यातला सर्वांत जड अर्थ मी न विचारता निवडला. निवडायच्या आधी आरोपीला 'म्हणजे कसं सोडलं?' असं विचारायची परवानगी मागायला हवी होती, मागितली नाही. निकालाच्या दिवशी त्यानं चूक दाखवली, ती मी कोर्टापासून लपवली. 'काही नाही' म्हणाले.

सही. फालेसी कापुका, दुभाषी. 'दुभाषी' लिहिताना हात थांबला. लिहिलं तरी.

एस्नातचा पाय डोळ्यांपुढून जात नाही. तिचं बरोबर आहे आणि माझंही बरोबर आहे. हे कुठल्या भाषेत एका वाक्यात बसवायचं?


१० नोव्हेंबर, सोमवार

कोर्टाच्या खोलीतून बाहेर. चौकशी होईपर्यंत मी कागदपत्रांच्या खोलीत. माझ्या जागी एक तरुण बाई आलीय, डेडझाहून. आवाज गोड आहे. आज भिंतीपलीकडून ऐकलं — से म्हणायच्या जागी टेल म्हणाली. उठून सांगावंसं वाटलं. बसून राहिले.


२७ नोव्हेंबर

कागदपत्रांची खोली बरी आहे. उत्तरेची खिडकी. वाळवी फडताळं खाते, तिचा बारीक आवाज — भात शिजल्यासारखा. जुने गठ्ठे उघडते आणि वाचते. माझेच शब्द सगळे, अकरा वर्षांचे, वेगवेगळ्या साहेबांच्या अक्षरांत. हा 'पुश्ड' म्हणाला. ही 'हिट' म्हणाली. खरंच म्हणाली का? तिनं 'हात लावला' म्हटलं असेल. कोण होती ती? तिचा चेहरा आठवत नाही, माझा शब्द तेवढा राहिलाय.

दुपारी डोळा लागला गठ्ठ्यांवर डोकं ठेवून. उठले तर गालावर दोरीचा वळ.


१४ डिसेंबर, रविवार

पहाटे स्वप्न. मी उलट्या होडीच्या पाठीवर बसलेली. पाणी अगदी शांत, दुधासारखं. अंग ओलं होत नव्हतं. होडीच्या पलीकडच्या बाजूला दोन पुरुष बोलत होते. दिसत नव्हते, नुसते आवाज. हळू, सवयीचे — जाळं दुरुस्त करताना बोलतात तसे. भाषा माझीच होती. आणि मला एक शब्द कळेना! वाकून वाकून ऐकत होते. कुणीतरी मागून विचारलं, काय म्हणतायत?

जाग आली. मावशी चुलीपाशी मंदासी तळत होती, पिठाचे गोड गोळे. तेलाचा वास ऐकत पडून राहिले.

त्या दोन बायकांनी कोर्टात सांगितलं होतं, आम्ही पलीकडच्या बाजूला होतो, लाटा होत्या, काही दिसलं नाही. ते भाषांतर मीच केलं होतं. ते तरी बरोबर केलं असेन.


२० जानेवारी, मंगळवार

वरच्या कोर्टाचा कागद आला. नोंद करायला माझ्याच टेबलावर! घाईत पाकीट वाकडं फाडलं.

डिसेंबरात त्यांनी लायसनला राजधानीला नेऊन पुन्हा जबाब घेतला होता, दुसऱ्या दुभाष्याकरवी. मला पत्ताच नव्हता. त्यानं तेच सांगितलं — मी सोडलं त्याला. दुभाष्यानं थांबून विचारलं, 'सोडलं म्हणजे कसं?' लायसन म्हणाला, 'हात.' बास. त्याहून जास्त काही नाही. इंग्रजीत लेट गो असं लिहिलंय. न्यायाधीशांनी म्हटलंय, असल्या वाऱ्यात, एका हातानं उलटी होडी धरलेल्या माणसाच्या दुसऱ्या हाताकडून कायदा किती अपेक्षा करू शकतो? शिक्षा रद्द. ताबडतोब सुटका.

माझ्याबद्दल चार ओळी. पहिल्या दोन वाईट आहेत. तिसरीत चूक स्वतःहून कळवली असं आहे. चौथीत 'पुढील निर्णय खात्यानं घ्यावा.'

म्सुक्वासाहेब दारात येऊन उभे राहिले. "वाचलंत?" "वाचलं." "माझ्याबद्दलही सहा ओळी आहेत," म्हणाले, आणि हसले. मग म्हणाले, "मी चेवा शिकायला लागलोय, बाई. कालच 'सोडणे' चालवून बघितलं. मी सोडतो, तो सोडतो, आम्ही सोडतो."

उच्चार अजून भयंकर आहे त्यांचा. पण मला रडू आलं.


२२ जानेवारी

सुटला. मी बघायला गेले नाही. मावशी गेली होती. म्हणाली, कुणीच आलं नव्हतं न्यायला, चालत गेला.


३१ जानेवारी, शनिवार

बाजारात एस्नात. सुक्या मासळीचे वाटे मांडून बसलेली. मी समोर उभी राहिले. तिनं मान फिरवली. बाजूची म्हणाली, "अगं गिऱ्हाईक आहे." एस्नात म्हणाली, "गिऱ्हाईक नाही. लायसनची वकिलीण आहे ती."

सगळ्या बायका बघायला लागल्या. मी तिथूनच चार वाटे घेतले, शेजारणीकडून. घरी येऊन मासळी मावशीपुढं ठेवली, मावशी म्हणाली खराब आहे. कुजकी दिली होती.

एस्नातच्या दृष्टीनं मी काय केलं? त्याला वाचवलं. तिच्या नवऱ्याला दुसऱ्यांदा बुडवलं. माझ्या दृष्टीनं मी एक शब्द जागेवर ठेवला. शब्द जागेवर बसला तर मन जागेवर बसायला हवं ना? बसत नाही. तळ्याकडे बघत राहते नुसती. पावसानं पाणी चढलंय, धक्क्याची खालची पायरी बुडाली. लायसनची नवी होडी नाही. लोकांच्या जाळ्यांना गाठी मारून देतो म्हणे. त्याच्या होडीत बसणार कोण?


८ फेब्रुवारी, रविवार

लायसन येऊन गेला. अंगणातच उभा. बसा म्हटलं तर नाही म्हणाला.

"बाई, तुम्ही माझ्यापायी खूप सोसलंत. एक सांगतो, परत विचारू नका. सोडलं त्यानं. मी नाही. त्याचा खांदा निखळला होता, मी धरून होतो. माझा होडीवरचा हात निसटायला लागला. तो म्हणाला, सोड. मी नाही सोडलं. मग त्यानं माझी बोटं उघडली. एकेक करून. पाचही."

मी म्हणाले, मग कोर्टात, दोन-दोन वेळा—

"एस्नात नवऱ्यावर कशी रागावणार, बाई? तिला रागवायला कुणीतरी पाहिजे ना."

गेला. पाऊलवाटेनं, मागं न बघता.

चार महिने मी शब्द तपासत होते. कोणी सोडलं, हे कुणीच विचारलं नाही. मीही नाही.

शनिवारी बाजारात जायचंय. एस्नात मान फिरवेल. फिरवू दे.